इंजिन गेलं, गिअर राहिले

इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो, गिअर टाकावे लागत नाहीत, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे जुन्या पेट्रोल गाडीत मोटर बसवायची म्हटलं की इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही भंगारात जाणार, असं आपण गृहीत धरतो. पण अशा कितीतरी गाड्यांमध्ये गिअरबॉक्स जागचा हलत नाही. तोच दांडा, तेच चार-पाच गिअर, फक्त पुढे इंजिनाऐवजी मोटर. मोटरला गिअर लागत नाहीत तर मग तो ठेवतात कशाला? जुन्याचा मोह म्हणून नव्हे. छोट्या मोटरकडून मोठ्या मोटरचं काम करून घ्यायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे म्हणून.

आधी पेट्रोल इंजिनाची अडचण पाहू. इंजिन शून्यातून ओढू शकत नाही. ते मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या, म्हणजे आरपीएमच्या खाली गेलं की बंद पडतं. मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीचं इंजिन जास्तीत जास्त ५९ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि तोही साधारण २५०० आरपीएमला. त्याच्या अलीकडे-पलीकडे जोर कमी. म्हणून गाडी उभी असताना इंजिन चाकापासून सोडवायला क्लच, आणि गाडीचा वेग काहीही असला तरी इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत ठेवायला गिअर. दोन्ही गोष्टी इंजिनाचे नखरे सांभाळण्यासाठी आहेत.

मोटरचे हे नखरे नाहीत. जागेवर उभ्या मोटरला करंट दिला की पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर मिळतो. वेग वाढत जातो तशी मोटर स्वतःच आतल्या आत उलटा व्होल्टेज तयार करू लागते, आणि बॅटरीला तिच्यात करंट ढकलणं अवघड होत जातं. त्यामुळे एका ठरावीक वेगापर्यंत टॉर्क सपाट राहतो आणि पुढे फेऱ्या वाढतात तसा उतरत जातो. कंपनीतून इलेक्ट्रिक म्हणूनच बाहेर पडणाऱ्या गाडीत मोटर मुळात दणकट असते, मिनिटाला दहा हजारांच्या वर फिरते, म्हणून एकच गिअर सगळं निभावतो. निसान लीफमध्ये मोटर साधारण आठ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं, बस, एवढाच गिअरबॉक्स.

तरी गिअरची कल्पना इलेक्ट्रिक गाडीत अगदीच परकी नाही. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरमध्ये दोन गिअर द्यायचं ठरलं होतं. तो गिअरबॉक्स टिकेना, म्हणून शेवटी एका गिअरवर भागवलं. पोर्शे टायकानच्या मागच्या मोटरला आजही दोन गिअर आहेत. आपल्याकडे अहमदाबादच्या मॅटर कंपनीने इलेक्ट्रिक मोटरसायकललाच चार गिअर दिलेत. आणि सुताराच्या हातातलं बॅटरीवरचं ड्रिल मशीन पाहा: वर १ आणि २ असं सरकवायचं बटण असतं. स्क्रू आवळायचा तर १, भोक पाडायचं तर २. मोटर तीच, बॅटरी तीच.

पार्किंगच्या रॅम्पवरचं गणित

आता आकडे घेऊ. छोटी जुनी गाडी, बॅटरी आणि माणसांसकट वजन १००० किलो. चाकाची त्रिज्या पाव मीटर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे दाते) मिळून पहिल्या गिअरात साडेपंधरा पट, दुसऱ्यात साडेनऊ, तिसऱ्यात सहा आणि चौथ्यात चार पट, असं धरू. म्हणजे चाकाच्या फेऱ्या मोटरपेक्षा तेवढ्या पटीने कमी, आणि जोर तेवढ्या पटीने जास्त. या पटीलाच रेशो म्हणतात. छोट्या गाडीत आकडे याच्याच आसपास असतात. मोटर साधी, ६० न्यूटन-मीटरची, जास्तीत जास्त ६००० आरपीएमची.

मुंबईत या गाडीची खरी परीक्षा हायवेवर होत नाही, टॉवरच्या पोडियम पार्किंगच्या रॅम्पवर होते. पाच मीटर पुढे जाताना एक मीटर चढ, वर पुढची गाडी अडलेली, आपण मध्येच थांबलेले. तिथून गाडी वर काढायला चाकांवर मिळून साधारण ५१० न्यूटन-मीटर जोर लागतो. आपली मोटर पहिल्या गिअरात ९३० देते, दुसऱ्यात ५७०, तिसऱ्यात ३६०, चौथ्यात २४०. म्हणजे दुसऱ्यात गाडी निघेल, तिसऱ्यात जागची हलणार नाही. गिअरबॉक्स काढून टाकला आणि चौथ्याइतकाच, चार पटीचा रेशो उरला, तर याच रॅम्पसाठी १२८ न्यूटन-मीटरची मोटर घ्यावी लागेल. दुपटीपेक्षा मोठी.

दुसरी बाजूही पाहा. पहिल्या गिअरातच सगळं चालवू म्हटलं, तर ताशी ८० किलोमीटरला मोटरला १३ हजार आरपीएमच्या वर फिरावं लागेल. आपली ६००० वर थांबते. दुसऱ्या गिअरात ती मर्यादा ताशी ६० च्या आसपास येते, तिसऱ्यात ९४ च्या. म्हणजे सायन ते दादर असो की अंधेरी-कुर्ला रोड, शहरात दिवसभर दुसरा गिअर पुरतो. ईस्टर्न फ्रीवेला लागलात की तिसरा. पहिला फक्त रॅम्पसाठी, आणि चौथा बहुधा धूळ खात राहणार. चार गिअर ठेवले तरी वापरात दोनच राहतात. म्हणून काही जण गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरात कायमची अडकवून दांडाच काढून टाकतात. मोटर थोडी मोठी असेल तर हे चालतं. बेताची असेल तर रॅम्पवर पश्चात्ताप होतो.

आता उष्णतेचा मुद्दा, आणि मला वाटतं गिअर ठेवायचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. मोटरचा टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो. दुप्पट जोर हवा तर साधारण दुप्पट करंट. पण तारांमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्याच रॅम्पवर दुसऱ्या गिअरात मोटरला ५४ न्यूटन-मीटर द्यावे लागतात, चार पटीच्या रेशोत १२८. करंट सव्वादोन-अडीच पट, उष्णता साडेपाच पट. ही उष्णता मोटरच्या वेटोळ्यांत, मोटरला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरच्या ट्रान्झिस्टरमध्ये आणि जाड केबलमध्ये साठते, तीही नेमकी मोटर हळू फिरत असताना. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असेल तर तोही तेव्हा जवळजवळ थांबलेला असतो. मे महिन्यात केम्प्स कॉर्नरच्या पुलावर गाड्यांची रांग इंच इंच सरकत असते, तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही. कंट्रोलर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी जोर कमी करतो, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. खालचा गिअर घेतला म्हणजे बॅटरी खूप वाचते असं नाही. त्याच चढावर, त्याच वेगाने जायला लागणारी शक्ती तीच. कंट्रोलर बॅटरीकडून जास्त व्होल्टेज आणि कमी करंट घेतो आणि मोटरला कमी व्होल्टेज, जास्त करंट देतो, त्यामुळे हळू चालताना बॅटरीच्या केबलपेक्षा मोटरच्या केबलमध्ये करंट कितीतरी जास्त असतो. गिअरने कमी होतो तो हा मोटरकडचा करंट. तेवढी उष्णता वाचल्याने रेंजमध्ये थोडाफार फरक पडतो. मोटर आणि कंट्रोलरच्या किमतीत मात्र मोठा पडतो.

काढायचा म्हटलं तरी निघत नाही

दुसरं कारण निव्वळ रचनेचं. मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतात, आणि दोन्ही चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट त्याच खोक्यातून निघतात. गिअरबॉक्स काढला की डिफरन्शियल गेलं, शाफ्टची टोकं मोकळी. मग नवा एक-गिअरी सेट आणा, त्याला जुळणारे शाफ्ट बनवा, नवे माउंटिंग बसवा. हे सगळं टाळायचं तर आहे तो खोका राहू द्यायचा.

पद्मिनीची गोष्ट वेगळी. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या प्रीमियर पद्मिनीत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट एका रेषेत, डिफरन्शियल मागच्या अॅक्सलमध्ये, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदलेली होती आणि २० वर्षांची मर्यादा भरली. खासगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्यात. तिच्यात गिअरबॉक्स काढून मोटर थेट प्रोपेलर शाफ्टला जोडता येते, पण मग फक्त मागच्या डिफरन्शियलचा चार-साडेचार पटीचा रेशो उरतो. म्हणजे पुन्हा तीच दुप्पट मोठी मोटर. शिवाय अशा एका रेषेतल्या गिअरबॉक्सच्या सगळ्यात वरच्या गिअरात शाफ्ट सरळ आरपार जोडला जातो, दाते मध्ये येत नाहीत, त्यामुळे तिथे नुकसान अगदी थोडं. नाहीतर दात्यांच्या प्रत्येक जोडीत एक-दोन टक्के शक्ती जाते. गिअरबॉक्समुळे रेंज घटते अशी भीती घालणाऱ्यांना एवढं सांगावं, की एक-गिअरी सेटमध्येही दात्यांच्या साधारण दोन जोड्या असतातच.

मोटर जुन्या गिअरबॉक्सला जोडणं हे मात्र खरं कसबाचं काम. मोटरच्या तोंडावरची भोकं आणि बेल हाउसिंगची, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या खोळीची, भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये अॅल्युमिनियमची जाड अॅडॉप्टर प्लेट लागते. मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट जोडायला कपलर. त्याचा स्वस्त आणि सर्रास उपाय म्हणजे जुन्या क्लच प्लेटच्या मधला दातेरी भाग कापून तो कपलरमध्ये बसवणं, कारण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर नेमके तेच दाते बसतात. साकीनाक्याच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याला हे जमतं. पण दोन्ही शाफ्टचे मध्य जुळणं हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचं काम आहे. थोडं वाकडं राहिलं तर सुरुवातीला फक्त थरथर जाणवते, मग ऑइल सील गळू लागतं, मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. ज्या गाड्यांत त्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या क्रँकमधल्या छोट्या पायलट बेअरिंगवर टेकलेलं असतं, तिथे ते बेअरिंग नव्या कपलरमध्ये पुन्हा द्यावं लागतं. विसरलं तर शाफ्ट हवेत लोंबकळत राहतो.

मोटर निवडताना उलटी चूकही होते: पिकअप हवा म्हणून दीडशे न्यूटन-मीटरची मोटर आणून साठ न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या गिअरबॉक्सपुढे ठेवायची. इंजिन तेवढा जोर कधीच देत नव्हतं, आणि देत होतं तोही क्लच हळूहळू सोडल्यावर. मोटर तो उभ्या गाडीत एका क्षणात देते. पहिल्या गिअरात दाते तुटायला वेळ लागत नाही. कंट्रोलरमध्ये टॉर्कची मर्यादा घालणं आणि तो हळूहळू चढेल असं सेट करणं हाच उपाय. ब्रेकिंगमधून वीज परत घेताना दात्यांच्या उलट्या बाजूवर भार येतो, तीही मर्यादा घालावी. मोठी मोटर परवडत असेल आणि जागाही असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मग गिअरबॉक्स ठेवू नका, पूर्ण एक-गिअरी सेट बसवा.

क्लच ठेवावा का?

मोटर बंद पडत नाही, त्यामुळे थांबताना क्लच लागत नाही. सिग्नलला गाडी गिअरातच उभी राहते, अॅक्सिलरेटर दाबला की निघते. उभ्या मोटरला वीज लागत नाही. हाफ क्लचवर डाव्या पायाला येणारे गोळे संपले.

प्रश्न येतो तो चालत्या गाडीत गिअर बदलताना. ताशी ५० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात जायचं, तर मोटरला पाच हजार आरपीएमवरून तीन हजार दोनशेच्या आसपास यायला हवं. क्लच असेल तर सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी फेऱ्या जुळवून घेणाऱ्या भागाच्या, पितळी कड्याला फक्त हलकी क्लच प्लेट आणि शाफ्ट जुळवून घ्यायचे असतात. क्लच नसेल तर मोटरचा अख्खा रोटर, म्हणजे आतला फिरणारा जड भाग, त्याच्या गळ्यात. इंजिन आतल्या घर्षणाने लवकर मंदावतं, मोटर मोकळी फिरत राहते. म्हणून क्लचविना गिअर बदलायची रीत अशी: पाय उचला, न्यूट्रलमध्ये आणा, दोन-तीन सेकंद थांबा, मग दांडा हलकेच ढकला. तो आपोआप आत जातो. घाई केली तर कड्याची झीज. मागून बस येत असताना ही दोन-तीन सेकंदं फार मोठी वाटतात.

क्लच ठेवला तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटही ठेवाव्या लागतात, म्हणजे वजन आणि गुंतागुंत. पण एक फायदा कुणी फारसा सांगत नाही: मोटरने अचानक जास्त जोर लावला तर दाते तुटण्याआधी क्लच घसरतो. फ्यूजचं काम करतो. क्लच दाबून अॅक्सिलरेटर मात्र दाबू नये, मोटरला भार नसतो, ती सुसाट फिरते. कंट्रोलरमध्ये आरपीएमची मर्यादा हवीच. रोज गिअर बदलणार असाल तर क्लच ठेवा. दुसऱ्यातच राहणार असाल तर सरळ कपलर. रिव्हर्स दोन प्रकारे मिळतो, मोटर उलटी फिरवून किंवा जुना रिव्हर्स गिअर टाकून. दोन्ही एकदम केलं तर गाडी पुढे जाते, तेव्हा एकच पद्धत ठरवून दुसरी बंद करून टाकावी.

सवयीतला सगळ्यात धोकादायक बदल पार्किंगचा. चढावर गाडी गिअरात टाकून ठेवली की हलत नाही, हे आपल्या अंगवळणी पडलंय. ती इंजिनातल्या हवेच्या दाबामुळे थांबायची. वीज बंद असलेली मोटर जवळजवळ मोकळी फिरते. गिअरात असली तरी गाडी घरंगळेल. हँडब्रेक चांगला असणं आणि तो ओढणं, दोन्ही सक्तीचं.

घाट उतरताना इंजिन ब्रेकिंगची जागा वीज परत घेणारं ब्रेकिंग घेतं, आणि तिथे गिअर पुन्हा उपयोगी पडतो: खालच्या गिअरात मोटर जोरात फिरते, तेवढ्याच करंटमध्ये जास्त अडवते. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. हजार किलोच्या गाडीत ही उर्जा दीड युनिट भरते, त्यातली काही हवेत आणि टायरमध्ये जाते, काही परत मिळते. पण लोणावळ्यात बॅटरी पूर्ण चार्ज करून निघालात तर ती ठेवायला जागाच नाही, मोटर अडवणार नाही आणि सगळा भार ब्रेकवर. वर चार्ज करायचं असेल तर थोडं कमीच करा.

ब्रेकवरून आठवलं. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला इंजिनाच्या शोषणातून व्हॅक्यूम मिळतो. इंजिन गेलं की तो गेला. विजेवर चालणारा व्हॅक्यूम पंप बसवला नाही तर ब्रेक दगडासारखा लागतो. तसंच अल्टरनेटर गेला, तर १२ व्होल्टच्या दिवे-हॉर्नसाठी मोठ्या बॅटरीतून वीज उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर हवा. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरायचा, त्यालाही पर्याय हवा, आणि मुंबईत एसीला नाही म्हणता येत नाही. स्पीडोमीटरचं मात्र बरं आहे: जुन्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे ते आणि रिव्हर्सचा दिवा पूर्वीसारखेच चालतात.

बॅटरीबद्दल थोडक्यात. एवढी गाडी शहरात किलोमीटरला साधारण १०० ते १२० वॅट-तास खाते. १५ युनिटची लोह-फॉस्फेट प्रकारची लिथियम बॅटरी घेतली तर कागदावर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, एसी लावून त्याहून कमी. सोसायटीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पाच-सहा तासांत भरते, सॉकेट मिळाला तर. तो मिळवणं हा वेगळा लेख आहे.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. इलेक्ट्रिक किटसाठी वाट आहे, पण ती किटच्या मंजुरीतून जाते. एआयएस १२३ या मानकाचा तिसरा भाग पेट्रोल-डिझेल गाडी पूर्ण विजेवर आणणाऱ्या किटसाठी आहे, आणि पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था ते किट तपासते, तेही ठरावीक मॉडेलच्या गाडीवर बसवून. म्हणजे साकीनाक्यात स्वतः सुबक कपलर बनवून घेतला, तरी ती गाडी ताडदेव, अंधेरी किंवा वडाळ्याच्या आरटीओत इलेक्ट्रिक म्हणून नोंदली जाणार नाही. मंजूर किट, अधिकृत फिटर, मग आरसीवर इंधनाची नोंद बदलणं, हिरवी नंबरप्लेट, आणि विमा कंपनीला कळवणं. किट विकणाऱ्याकडे आधी मंजुरीचा कागद मागा, त्यावर तुमच्या गाडीचं नेमकं मॉडेल आहे का पाहा, मगच रेंज विचारा. गाडीचं वय मात्र याने कमी होत नाही. आरसीवरची नोंदणीची तारीख तीच राहते.

शेवटी पावसाळा. मोटर आणि बॅटरी पाणी न शिरणाऱ्या मिळतात, तशाच घ्या. लोक मग निर्धास्त होऊन दादरला हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात गाडी घालतात. पण गिअरबॉक्स जुनाच आहे. त्याला वर हवा जायला छोटं नळकांडं असतं, आणि बेल हाउसिंगला क्लचच्या फोर्कसाठी भोक असतं. भोकातून पाणी कपलरपर्यंत जातं, नळकांड्यातून तेलात. पाण्यातून गेलेल्या गाडीचा ड्रेन प्लग सोडून तेल पाहा. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर लगेच बदला, आणि भोकाला रबरी बूट, नळकांड्याला वरपर्यंत नेलेली पाइप लावून घ्या.